गाडीने हुमनाबाद सोडलेले असेल

इंग्रजीत ‘फ्यूचर परफेक्ट’ आणि मराठी शालेय व्याकरणात ‘पूर्ण भविष्यकाळ’ या नावाने ओळखला जाणारा काळ भविष्यातील एक ठरावीक वेळ आधी गृहीत धरतो आणि त्या वेळेवर उभे राहून मागे पाहिले असता कोणते काम उरकलेले दिसेल, ते सांगतो. ‘आय विल हॅव फिनिश्ड द वर्क बाय टेन’ या वाक्यात दहाचा ठोका पुढे आहे, काम संपणे त्या ठोक्याच्या अलीकडे आहे, आणि बोलणारा या दोहोंकडे आजच्या जागेवरून पाहत आहे. इतक्या नेमक्या रचनेचा हा काळ बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेलगतच्या मराठी माध्यमाच्या शाळांत वर्षानुवर्षे शिकवला जातो, परीक्षेपुरता पाठही होतो, आणि शाळा सुटली की विद्यार्थ्यांच्या इंग्रजीतून नाहीसा होतो. अशा शाळेत दीर्घकाळ इंग्रजी शिकवलेल्या शिक्षकाच्या अनुभवाला जे हळूहळू उतरत गेले ते असे, की विद्यार्थ्यांना ही कल्पना अवघड जात नाही. ती त्यांच्या तोंडी, एकापेक्षा अधिक भाषांत, रोज असते, मात्र वर्गात तिच्याकडे नेणारी वाट भलत्याच ठिकाणाहून सुरू केली जाते.

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद हे तालुके उदगीर, देवणी, निलंगा, उमरगा, अक्कलकोट यांना लागून आहेत. बाजार, सोयरीक आणि यात्रा यांच्यासाठी राज्याची हद्द ओलांडणे ही येथील माणसाला प्रवासाची गोष्ट वाटत नाही. अक्कलकोट वगळता हा सारा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, जेथे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील उच्च शिक्षणसुद्धा उर्दूतून दिले जाई, आणि त्यामुळे आजच्या विद्यार्थ्यांच्या पणजोबांच्या पिढीत ज्याला अक्षर येई त्याला बहुधा उर्दूचे येई. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू यांनी शाळेच्या दारावर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवले, ही हकीकत या भागात आजही आदराने सांगितली जाते, आणि शाळेच्या पाटीवरची भाषा व वर्गातली भाषा यांच्यातील अंतर येथे किती जुने आहे, हे तिच्यावरून कळते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. मराठी बोलणारी गावे राहिली, त्यांच्या मराठी शाळाही राहिल्या, आणि त्या शाळांतील मूल घरी मराठी, बाजारात व कार्यालयात कन्नड, एसटीच्या थांब्यावर आणि मुसलमान शेजाऱ्यांकडे दखनी, अशा तीन बोलींत दिवस काढू लागले. इंग्रजी या तिघींच्या नंतर येते. पाठ्यपुस्तक मात्र ते केवळ मराठीच्या मागून येते असे धरून चालते, आणि पुढील सगळ्या गुंत्याचे मूळ बरेचसे येथेच आहे.

वर्गात हा काळ येतो तो बारा घरांच्या तक्त्यातून. वर्तमान, भूत आणि भविष्य अशा तीन ओळी, साधा, अपूर्ण, पूर्ण आणि पूर्ण-अपूर्ण असे चार स्तंभ, आणि त्यांच्या छेदावर एकेक सूत्र. पूर्ण भविष्याच्या घरात ‘सब्जेक्ट, विल किंवा शॅल, हॅव, व्ही थ्री’ असे लिहिलेले असते, ज्यातील ‘व्ही थ्री’ म्हणजे क्रियापदाचे तिसरे रूप, ‘गो, वेंट, गॉन’ या माळेतले शेवटचे. तक्ता वाईट नाही. ज्या शाळेत इंग्रजी ऐकण्याची दुसरी सोय नाही तेथे तो आधाराची काठी असतो, आणि ज्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला पाठ करून मोठ्या झाल्या त्यांचे इंग्रजी आजच्यापेक्षा कच्चे होते असे कोणी म्हणणार नाही. पण तक्त्याला स्वतःचा इतिहास आहे. लॅटिनमध्ये हा काळ एका शब्दात, क्रियापदाच्या शेवटात बदल करून व्यक्त होतो. इंग्रजीच्या जुन्या व्याकरणकारांनी लॅटिनची चौकट आपल्या भाषेला लावली आणि दोन-तीन शब्द जोडून होणाऱ्या रचनेलाही स्वतंत्र काळाचे घर दिले. पुढे दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या व्याकरणानंतर मराठीचे जे शालेय व्याकरण घडत गेले, त्यात इंग्रजीच्या घरांसमोर मराठीची घरे उभी राहिली. समोरासमोर घरे असली की एकाचे सामान दुसऱ्यात जसेच्या तसे बसेल असे वाटू लागते.

मराठीच्या घरात जे ठेवलेले असते त्याकडे जवळून पाहिले पाहिजे. बहुतेक शालेय पुस्तिकांत पूर्ण भविष्यकाळाचे उदाहरण ‘मी आंबा खाल्ला असेन’ असे असते. हे वाक्य एखाद्या मराठी माणसाला संदर्भाशिवाय ऐकवले आणि त्याचा अर्थ विचारला, तर तो सांगेल, की बोलणाऱ्याने पूर्वी कधीतरी आंबा खाल्ला असावा, पण त्याला नक्की आठवत नाही. भविष्याचा त्यात मागमूस नाही. (रूपाविषयीही मतभेद होऊ शकतो, कारण सकर्मक क्रियापद भूतकाळी कर्माच्या मागे जाते या नियमाने ‘मी आंबा खाल्ला असेल’ असे व्हायला हवे, आणि बोलताना दोन्ही रूपे कानी पडतात, पण तो मुद्दा येथे दुय्यम आहे.) ‘बाबा आले असतील’, ‘दुकान उघडलं असेल’, ‘तिला राग आला असेल’ या रोजच्या वाक्यांतील ‘असेल’ हा तर्काचा शब्द आहे, घडून गेलेल्या गोष्टीविषयी, ती डोळ्यांनी न पाहता, बोलणारा अंदाज बांधतो, एवढेच त्यातून कळते. हेच ‘असेल’ भविष्याकडे वळते तेव्हा ते वळवणारा शब्द वेगळा असतो: ‘उद्या या वेळेला बाबा आले असतील’ असे म्हटले की अंदाज उद्यावर जातो. म्हणजे मराठीत भविष्याचा भार ‘उद्या या वेळेला’ या शब्दांवर आहे, क्रियापदावर नाही, आणि पुस्तिकेतल्या उदाहरणात नेमके तेच शब्द गाळलेले असतात.

याचा परिणाम वहीत कसा उतरतो, हे दहावीच्या एका वहीतील पानावर स्वच्छ दिसते. पानाच्या डाव्या बाजूस ‘त्याने पत्र वाचले असेल’ आणि उजवीकडे ‘ही विल हॅव रेड द लेटर’ असे लिहिलेले आहे, खाली शिक्षकाची लाल खूण आहे, आणि दोघांच्याही दृष्टीने काम पूर्ण झालेले आहे. त्याच पानावर पुढे, स्वतःचे वाक्य तयार करा या सूचनेखाली, विद्यार्थ्याने ‘आय विल फिनिश माय स्टडी टिल टेन’ असे लिहिले आहे. त्याच्या मनात होते ते ‘दहापर्यंत माझा अभ्यास झालेला असेल’. म्हणजे जेथे या काळाची खरोखर गरज पडली तेथे तो त्याला आठवला नाही, कारण त्याच्या लेखी तो काळ अंदाजाचा होता आणि स्वतःच्या अभ्यासाविषयी त्याला अंदाज बांधायचा नव्हता. ही चूक आळसाची नाही. मुलाने मराठीचा अर्थ नीट ऐकला होता. पुस्तकाने तो ऐकला नव्हता. असे पान हाती येऊनही, केवळ सूत्र चुकले म्हणून लाल रेघ मारण्यात बरीच वर्षे जाऊ शकतात, आणि या अनुभवात ती गेली.

त्या पानावरच्या दोन चुकांपैकी ‘टिल’ ही अधिक चिवट आहे. मराठीतील ‘पर्यंत’ दोन वेगळी कामे करतो: ‘दहापर्यंत अभ्यास केला’ म्हणजे दहा वाजेतो अभ्यास चालू होता, आणि ‘दहापर्यंत अभ्यास संपव’ म्हणजे दहा वाजण्याआधी केव्हातरी तो संपला पाहिजे. इंग्रजी पहिल्यासाठी ‘टिल’ आणि दुसऱ्यासाठी ‘बाय’ वापरते, आणि पूर्ण भविष्यकाळाची जोडी बहुतेक वेळा ‘बाय’शी जमते, कारण तो काळ चालू असलेल्या कामाचा नसून आटोपलेल्या कामाचा आहे. ‘पर्यंत’ला ‘टिल’ म्हणतात हे पाचवीत शिकलेले मूल दहावीतही तेच लिहिते, आणि ‘येथे बाय लाव’ एवढे सांगून ते सुटत नाही, कारण का लावायचे हे त्याला कळलेले नसते.

कन्नडमध्ये हा भेद उघड आहे. ‘हत्तु गंटे तनक’ म्हणजे दहापर्यंत सतत, आणि ‘हत्तु गंटे ओळगे’ म्हणजे दहा वाजण्याच्या अलीकडे. ‘ओळगे’ म्हणजे आत, घराच्या आत असतो तेच ‘आत’. हे दोन शब्द फळ्यावर लिहून पहिल्यासमोर ‘टिल’ आणि दुसऱ्यासमोर ‘बाय’ मांडले, की वर्गातील जी मुले कन्नड सहज बोलतात त्यांच्याकडून पुढे ही चूक क्वचितच होते. याहून मोलाची गोष्ट त्यानंतर ध्यानात येते, ती म्हणजे मराठीलाही हा भेद अगदी याच शब्दाने करता येतो: ‘दहाच्या आत घरी ये’, ‘पाऊस पडायच्या आत गंजी झाक’, ‘दिवस मावळायच्या आत गुरं बांध’. घराघरात आई-आजी दिवसातून दहा वेळा वापरतात तो ‘च्या आत’ इंग्रजीच्या ‘बाय’ला चपखल बसतो, पण इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी पुस्तकांत तो सहसा सापडत नाही, तेथे ‘पर्यंत’ अधिक शिष्ट समजला जातो. शेजारच्या भाषेने आपल्याच भाषेतली अडगळीत पडलेली वस्तू काढून हातात द्यावी, तसे हे घडते. ‘पर्यंत’ऐवजी ‘च्या आत’ घालून वाक्य पुन्हा म्हणता येते का, ही कसोटी एकदा शिकवली की मूल स्वतःच पारख करू लागते: ‘दहाच्या आत अभ्यास केला’ हे ‘दहापर्यंत अभ्यास चालू होता’ याच्या जागी बसत नाही, म्हणून तेथे ‘टिल’, ‘दहाच्या आत अभ्यास संपवला’ बसते, म्हणून तेथे ‘बाय’.

दुसरा गोंधळ ‘विल हॅव’ या दोन शब्दांच्या कानाला होणाऱ्या ओळखीतून येतो. ‘आय विल हॅव अ बुक’ म्हणजे माझ्याकडे पुस्तक असेल, ‘आय विल हॅव टू गो’ म्हणजे मला जावे लागेल, आणि ‘आय विल हॅव गॉन’ म्हणजे मी गेलेलो असेन. तिन्हींची सुरुवात एकच, आणि अर्थ मात्र मालकीचा, सक्तीचा व पूर्णतेचा. मराठीत या तिघांसाठी ‘असेल’, ‘लागेल’ आणि ‘गेलेला असेन’ अशी स्पष्ट निराळी रूपे असल्याने मराठी मुलाला वाक्याच्या सुरुवातीलाच अर्थ ठरवायची सवय नसते. त्याच्या भाषेत क्रियापद शेवटी येते आणि तेथवर तो थांबतो. ‘विल हॅव’ ऐकल्यावरही पुढचा शब्द येईतो थांबायला सांगणे, हा या गोंधळावरचा साधा उपाय आहे आणि तो चालतो. याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

या काळातील मूळ कल्पना, म्हणजे तीन वेळांचे परस्परसंबंध, तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाख यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एलेमेंट्स ऑफ सिम्बॉलिक लॉजिक’ या ग्रंथात मांडली. त्यांच्या मते कोणत्याही काळाच्या अर्थाला तीन बिंदू लागतात: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण, आणि ज्या क्षणाच्या हिशेबाने घटना पाहिली जाते तो संदर्भक्षण. साध्या भूतकाळात घटना आणि संदर्भ एकत्र असतात. पूर्ण भविष्यकाळात संदर्भक्षण बोलण्याच्या पुढे असतो आणि घटना त्या संदर्भक्षणाच्या मागे. हे सांगताना तीन अक्षरे आणि एक सरळ रेघ काढली जाते, पण अक्षरांनी शाळकरी मुलाच्या मनात चित्र उभे राहत नाही. बीदर आणि कलबुर्गी यांना जोडणारा सुमारे ११० किलोमीटरचा रेल्वेमार्ग २९ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला, तेव्हा या रेघेला नावे मिळाली. कलबुर्गी, कमलापूर, हुमनाबाद, हळ्ळीखेड, बीदर अशी स्थानके फळ्यावर ओळीने मांडायची, कलबुर्गीहून निघालेली गाडी खडूच्या तुकड्याने दाखवायची, आणि वाक्य लिहायचे: ‘बाय द टाइम द ट्रेन रीचेस बीदर, इट विल हॅव लेफ्ट हुमनाबाद’. बीदर हा संदर्भक्षण, हुमनाबाद ही घटना, आणि खडू हा बोलण्याचा क्षण. ज्या भागात वडीलधाऱ्यांनी हा मार्ग व्हावा म्हणून दशके वाट पाहिली तेथे या स्थानकांची नावे मुलांना पाठ असतात, आणि व्याकरणाला एकदम जमीन मिळते.

हा फळा समोर असताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो, आणि तो येणे ही धडा समजू लागल्याची खूण मानावी. पहिल्यांदा तो एका मुलीने आपल्या बोलीत विचारला: ‘‘सर, पर आत्ता गाडी कुठं हाय?’’ प्रश्न रायशेनबाखच्या मांडणीच्या गाभ्याला हात घालणारा होता, कारण त्या वाक्याचे वैशिष्ट्य हेच, की गाडी आत्ता कुठे आहे ते ते सांगत नाही. खडूचा तुकडा कमलापुरात ठेवला तरी वाक्य खरे, कारण हुमनाबाद सुटणे अजून व्हायचे आहे पण बीदरच्या आधी ते होईल. तुकडा हळ्ळीखेडला नेला तरी वाक्य खरेच, कारण हुमनाबाद तर केव्हाच मागे पडले. घटना आणि बोलणे यांचा संबंध हा काळ मोकळा सोडतो. बांधून ठेवतो तो फक्त घटना आणि पुढची सीमा यांचा. ज्याला हे एकदा दिसले त्याला ‘पूर्ण झालेले भविष्य’ या परस्परविरोधी भासणाऱ्या नावाचा त्रास पुन्हा होत नाही.

खडू हळ्ळीखेडला असताना आणखी एक गोष्ट करता येते, आणि या साऱ्या अनुभवात जर काही सांगण्यासारखे असेल तर ते हेच. बीदर स्थानकावर एखाद्या पाहुण्याची वाट पाहणारा माणूस घड्याळाकडे बघतो आणि म्हणतो, ‘गाडीने हुमनाबाद सोडलं असेल.’ त्याने गाडी पाहिलेली नाही, तो अंदाज करतो आहे, आणि त्याचा ‘असेल’ अस्सल मराठी तर्काचा ‘असेल’ आहे. त्याच्या शेजारी उभा असलेला कन्नड माणूस म्हणेल ‘हुमनाबाद बिट्टिर्तद’, आणि दखनी बोलणारा म्हणेल ‘हुमनाबाद से निकल गई होंगी’. आता हेच इंग्रजीत म्हणायचे तर काय म्हणतात? ‘इट विल हॅव लेफ्ट हुमनाबाद बाय नाउ.’ तेच रूप. पुस्तकाने भविष्यकाळाच्या घरात कोंडलेले ‘विल हॅव’ इंग्रजीत आत्तापुरत्या अंदाजालाही चालते, आणि तेथे ते मराठीच्या ‘असेल’शी तंतोतंत जुळते. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ च्या बृहद् व्याकरणात इंग्रजीला रूपाच्या दृष्टीने वर्तमान आणि भूत असे दोनच काळ आहेत, स्वतंत्र भविष्यकाळ नाही, असे मानले आहे. ‘विल’ हे ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ यांच्या पंक्तीत बसणारे सहायक क्रियापद आहे आणि भाकीत हे त्याच्या कामांपैकी एक आहे. भाकीत उद्याविषयी करता येते, तसे आत्ताविषयीही करता येते. म्हणजे मुलाने ‘असेल’ला अंदाज समजणे ही मुळात चूकच नव्हती, ‘विल’च्या स्वभावाविषयी त्याचा कान पुस्तकापेक्षा अधिक खरा होता.

त्यामुळे शिकवण्याचा क्रम उलटा करावा लागतो. आधी मुलांना जे येते ते घ्यावे: आत्ता घरी काय झाले असेल याविषयी प्रत्येकाने मराठीत तीन वाक्ये सांगावीत, ‘आईचं धुणं झालं असंल’, ‘म्हशीला पाणी दाखवलं असंल’, ‘आबा बाजाराला गेले असतील’, आणि ती ‘बाय नाउ’ लावून इंग्रजीत आणावीत. हे एका तासात होते, कारण नवीन असे फक्त रूप असते. दुसऱ्या दिवशी ‘बाय नाउ’ पुसून त्याच्या जागी ‘बाय फाइव्ह ओक्लॉक’ लिहावे, तिसऱ्या दिवशी ‘बाय टुमॉरो इव्हनिंग’, आणि वाक्याचे उरलेले अंग तसेच ठेवावे. सीमा पुढे सरकते, क्रियापद हलत नाही, आणि मराठीतही नेमके असेच घडते, हे मुलांना स्वतः उमगते: ‘आत्तापर्यंत गेले असतील’, ‘पाचच्या आत गेलेले असतील’, ‘उद्या संध्याकाळच्या आत गेलेले असतील’. मराठीत सीमा पुढे गेली की बोलणारा ‘गेले’ऐवजी ‘गेलेले’ हे रूप अधिक पसंत करतो, कारण ‘लेला’ प्रत्ययाचे रूप क्रियेपेक्षा क्रियेनंतरच्या स्थितीवर जोर देते, हेही या सरावात आपोआप वर येते आणि मराठीच्या तासालाही उपयोगी पडते. तक्ता त्यानंतर भिंतीवर लावला तर काही बिघडत नाही. तोवर त्यातील त्या घरात कोण राहते ते मुलांना ठाऊक झालेले असते.

गौण वाक्यातील काळ हा आणखी एक अडथळा. ‘बाय द टाइम’नंतर इंग्रजीत साधा वर्तमान येतो, ‘द बस कम्स’; मुले मात्र ‘द बस विल कम’ लिहितात. ही चूक मातृभाषेतून येते असे सर्रास म्हटले जाते, पण मराठीत ‘बस येईपर्यंत’, बोलीत ‘बस येस्तोर’, आणि कन्नडमध्ये ‘बस बरोद्रोळग’ अशी रूपे आहेत. यांपैकी कोठेही ‘येईल’ नाही. चूक येते ती भाषांतर शिकवताना सोपे पडावे म्हणून ‘जेव्हा बस येईल तेव्हा’ असे जे पसरट मराठी तयार केले जाते त्यातून. मुलांच्या ‘येस्तोर’ला वर्गात जागा दिली असती, तर ही चूक उद्भवलीच नसती. बोलीला अशुद्ध ठरवून दाराबाहेर ठेवण्याची किंमत अशी, नको तेथे, मोजावी लागते.

कन्नडच्या वाटेवर एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. ‘नीनु बरोद्रोळग अवनु होगिर्तान’ हे वाक्य ‘तू येण्याच्या आत तो गेलेला असेल’ असे सांगते, तसेच ‘तू येतोस तेव्हा तो नेहमी गेलेला असतो’ असेही सांगू शकते, कारण कन्नडमध्ये वर्तमान आणि भविष्य यांसाठी पुष्कळदा एकच रूप चालते. मराठीत ‘असतो’ आणि ‘असेल’ हे वेगळे आहेत, इंग्रजीत ‘हॅज’ आणि ‘विल हॅव’ वेगळे आहेत. म्हणून कन्नडमधून उचललेले वाक्य मराठीच्या गाळणीतून काढूनच इंग्रजीत न्यावे. सीमेचा अर्थ कन्नडमधून घ्यावा, आणि नित्याचे व पुढचे यांतील फरक मराठीतून. एका भाषेत जे धूसर आहे ते दुसरीत स्वच्छ असते, हा तीन भाषांत वाढलेल्या मुलाचा खरा लाभ आहे, आणि एकभाषी मुलुखातील विद्यार्थ्याला तो मिळत नाही.

तरीही मराठी शाळेच्या इंग्रजीच्या तासाला फळ्यावर कन्नड लिहिणे येथे सोपे नाही. सीमाप्रश्न अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील गावेही आहेत, आणि २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील सर्व शाळांत कन्नड शिकणे सक्तीचे झाल्यापासून मराठी शाळेत कन्नडचा प्रत्येक शब्द कोणत्या तरी बाजूचा समजला जाण्याची भीती असते. मराठी शाळा टिकवण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांची ही काळजी खोटी म्हणता येत नाही. पटसंख्या घटली की शाळा बंद होते, आणि शाळा बंद झाली की गावातली मराठी घरापुरती उरते. पण मूल भाषेला बाजू मानत नाही. त्याच्या दृष्टीने ‘ओळगे’ आणि ‘च्या आत’ हे एकाच अंगणातले दोन शब्द आहेत, आणि ज्या शब्दाने त्याला अर्थ कळतो तो त्याच्यापासून लपवणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे. मराठीच्या अभिमानाला याने धक्का लागत नाही; उलट ‘च्या आत’सारखा शब्द पुन्हा वापरात येतो तो कन्नडच्या शेजारामुळेच.

हा काळ इंग्रजीत फारसा लागत नाही, ही हरकत रास्त आहे. बोलण्यात साध्या ‘विल’ने बरेच काम भागते, आणि ज्या मुलाला साधा भूतकाळ नीट येत नाही त्याच्यावर आधी हा काळ लादणे चुकीचे ठरेल. पण जेथे तो लागतो त्या जागा या मुलांच्या आयुष्यात नेमक्या अडीनडीच्या असतात. प्रवेशाच्या आणि नोकरीच्या जाहिरातीत अमुक तारखेस वयाची १८ वर्षे ‘पूर्ण केलेली असावीत’ अशी अट असते, आणि तिच्या इंग्रजी मसुद्यात ‘शॅल हॅव कम्प्लीटेड’ असे असते. त्याचा अर्थ ‘पूर्ण करावी लागतील’ असा घेणारा अर्जदार पात्र असूनही मागे राहतो. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी अर्जात ‘जुलैच्या आत माझी पदवी पूर्ण झालेली असेल’ असे लिहू शकला, तर त्याचा अर्ज वाचणाऱ्याला तो आत्ता काय आहे आणि तेव्हा काय असेल, हे एका वाक्यात कळते.

सरावासाठी म्हणून वाक्ये मुलांच्या वर्षातूनच घ्यावी लागतात. मृग निघून जायच्या आत पेरणी झालेली असेल का, पोळ्याच्या आत मूग निघालेला असेल का, येळवशीच्या आत, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला शेतात जेवायला जाण्याच्या आत, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतील का, असे विचारले की शेतकऱ्याच्या मुलाला उत्तर शोधावे लागत नाही. येळवस हा सण सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, कन्नडमध्ये तो ‘एळ्ळ अमावास्ये’ आहे, आणि त्याचे मराठी नाव तेथूनच आलेले मानले जाते. अशा वाक्यांत ‘बाय’ आणि ‘विल हॅव’ एकदा रुजले, की मुले ती आपणहून अन्यत्र नेतात.

दिवाळीच्या सुट्टीआधी नववीच्या वर्गाला, सुट्टी संपेल तेव्हा घरी काय काय झालेले असेल, यावर पाच ओळी लिहायला दिल्या जातात. एका वर्षी बहुतेकांनी रंगकाम, काढणी, बहिणीचे बाळंतपण असे लिहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने एकच ओळ लिहिली होती. त्याचे आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की बांधकामाच्या कामावर पुण्याला जात आणि तो आजीजवळ राही. ओळ अशी होती: ‘टिल द स्कूल ओपन्स, माय मदर अँड फादर विल हॅव गॉन टू पुणे.’ क्रियापदात चूक नव्हती, ‘ओपन्स’ही बरोबर होते, आणि अंदाजाचा त्यात लवलेश नव्हता. शिक्षकाने ‘टिल’ खोडून त्यावर ‘बाय द टाइम’ लिहिले आणि वही परत दिली.